मनपा शाळेतल्या मुलांना चित्रांपर्यंत न्या : मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



आपल्या महापालिकेच्या शाळांतून मुले आठ भाषांमध्ये शिकतात. त्यांना चित्रकलेचा तास असतो, आणि त्यांतली कितीतरी मुले दरवर्षी शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात. राज्यभरातून या परीक्षांना लाखो विद्यार्थी असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव महिनोन्महिने चालतो. इंटरमिजिएटला ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही मनावर घेतात. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. माझ्यापुढे आलेल्या मुलांपैकी फार थोड्यांनी एखाद्या चित्रकाराचे मूळ चित्र समोर उभे राहून पाहिले होते. बाकीच्यांना चित्र ठाऊक होते ते पाठ्यपुस्तकातले, कॅलेंडरवरचे किंवा फोनच्या पडद्यावरचे.

गाण्याची परीक्षा द्यायची आणि मैफल एकदाही ऐकायची नाही, असा हा प्रकार आहे. तो थांबवणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

माझी मागणी एका वाक्यात सांगता येते. सातवी पूर्ण होण्याआधी महापालिकेच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी कलादालनात आणि एकदा तरी कलाकाराच्या कामाच्या जागी नेऊन आणावे. यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. जे लागते ते मुंबईत आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्याच अखत्यारीत आहे.

काळा घोड्याचा परिसर घ्या. 'ए' विभागातल्या या एवढ्याशा टापूत मुंबईच्या चित्रकलेचा निम्मा इतिहास उभा आहे. जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या चित्रकारांना चित्रे मांडायला धड जागा नाही, हे चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी लावून धरले, आणि सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी देऊन हे दालन उभे केले. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. समोरच्या बाजूला, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून आहे. त्याच चौकात १९२२ पासून लोकांसाठी खुले असलेले छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आहे. जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात आणि समोर बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र तिथल्या तिथे काढून देतात. फोर्टपासून कुलाब्यापर्यंतच्या जुन्या इमारतींच्या मजल्यांवर खासगी दालने आहेत. त्यांतले केमोल्ड १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाले होते. ही दालनेही सर्वांना विनामूल्य पाहता येतात.

हे सगळे पायी फिरण्याजोगे आहे. गोवंडीच्या शाळेतून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला येते आणि तिथून काळा घोडा चालत गाठता येतो. तरीही गोवंडीचे मूल तिथे जात नाही. त्याला कोणी नेत नाही, आणि स्वतःहून गेले तर आत सोडतील की नाही, याची धास्ती त्याला आणि त्याच्या आईवडिलांनाही असते. काचेचा बंद दरवाजा, थंडगार शांत खोली, दाराशी बसलेला रखवालदार, भिंतीवरच्या चित्राखाली लाखांतली किंमत. एवढे पाहिले की शिकलेली मोठी माणसेही दारातून परत फिरतात. प्रवेश विनामूल्य असल्याने ही भीती जात नाही. कोणीतरी हाताला धरून एकदा आत नेले की मात्र जाते. ते हात धरण्याचे काम शाळेचे आहे.

मूळ चित्र पाहण्याने काय फरक पडतो, हे मी वर्गातल्या मुलांबरोबर अनेकदा पाहिले आहे. जलरंगातले एक साधे निसर्गचित्र घ्या : नदीचा घाट, पायऱ्या, पाण्यावर पडलेले ऊन. दहा फुटांवरून पाहिले तर पाणी चमकताना दिसते. मुले जवळ जातात, नाक चित्राला लागेल इतकी जवळ, आणि थबकतात. कारण जिथे ऊन दिसत होते तिथे रंगच नसतो. तिथे कोरा कागद असतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. उजेडाची जागा चित्रकाराने आधीच ठरवून सोडून द्यायची असते. आजूबाजूचा निळा कुठे दाट झाला आहे, कुठे ओल्यावर ओला पसरला आहे, कुठे कोरड्या ब्रशने कागदाचे दाणे उघडे ठेवले आहेत, हे सगळे एक वीत अंतरावरून दिसते. मग मुले पुन्हा मागे सरकतात आणि पाणी पुन्हा चमकू लागते. ही मागेपुढे चाल मुले आपण होऊन करतात, कोणी सांगावे लागत नाही. पोस्टर कलरच्या बाटलीतला पांढरा रंग वापरून ऊन दाखवणाऱ्या मुलाला 'कागद सोड' हे मी वर्षभर सांगत असे. दालनात त्याला ते एका मिनिटात कळते.

फोनवर हे कळत नाही, कारण फोनवर प्रत्येक चित्र तळहाताएवढे असते आणि सगळ्यांचा पृष्ठभाग काचेचा असतो. तैलरंगाचा सुरीने लावलेला जाड थर उजेडात कसा सावली टाकतो, सहा फुटी कॅनव्हास समोर असला की मान कशी वर करावी लागते, शिल्पाला प्रदक्षिणा घातली की त्याचा चेहरा कसा बदलतो, या गोष्टी शरीराने तिथे असण्याच्या आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. जहांगीरमध्ये आठवड्यासाठी भिंत मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षे वाट पाहतात. मिळाली की गावाहून चित्रे बांधून आणतात, रात्री टांगतात आणि आठवडाभर सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसतात. कोणी सोलापूरचा असतो, कोणी चंद्रपूरचा, कोणी बंगालचा. कामाच्या दिवशी दुपारी दालनात चारदोन माणसे असतात. अशा वेळी वीस-पंचवीस मुले आली आणि एकीने विचारले, 'काका, हे निळं का केलंत?' तर त्या माणसाला जो आनंद होतो तो मी पाहिलेला आहे. उत्तर द्यायला तो उठून उभा राहतो. चित्र काढणारा माणूस जिवंत असतो, आपल्यासारखा असतो, पुष्कळदा मराठीत बोलतो, आणि त्यानेही बहुधा कधीतरी इंटरमिजिएट दिलेली असते, हे त्या मुलीला त्या क्षणी समजते. एवढे समजायला मोठी फी भरून शिबिरे करावी लागतात, अशी आपली समजूत झाली आहे. इथे ते फुकट मिळते.

आपल्या शाळांतल्या मुलांचा या जगाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल, तर त्याला मुंबईचाच इतिहास दाखवावा. १९४७ मध्ये ज्या सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांत कृष्णाजी आरा होते. लहानपणीच मुंबईत आलेला हा मुलगा घरकाम करत आणि मोटारी धूत वाढला. त्याच गटातले हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत. गटात पुढे सामील झालेले वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले, सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत चित्रे काढत राहिले आणि 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. या शहराची चित्रकला चाळीतून, फुटपाथवरून आणि नोकरीच्या वेळेतून वाचवलेल्या तासांतून उभी राहिली. तिचे वारसदार आज आपल्या शाळांच्या बाकांवर बसलेले आहेत.

आणि चित्रांतला विषयही त्यांचाच आहे. ठाण्यात अनेक वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेले सुधीर पटवर्धन यांनी रेल्वेतली गर्दी, इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, गिरण्या संपून टॉवर उठत असलेले लोअर परळ रंगवले. करी रोडच्या पुलावरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाने असे चित्र पाहिले, तर आपला रस्ता चित्रात जाऊ शकतो हे त्याला पटते. स्मरणचित्राच्या पेपरात दरवर्षी जत्रा आणि तोच तो बाजार काढणारी मुले मग आपली गल्ली काढायला लागतात.

आता कामाच्या जागांविषयी. दालनातले चित्र पुरे झालेले असते. त्यामागची खोडाखोड, वाया गेलेले कागद, पाठदुखी यांचा तिथे मागमूस नसतो. म्हणून मुलाला असे वाटू शकते की हे काही दैवी देणगी घेऊन आलेल्या माणसांचेच काम. ही समजूत मोडायची असेल तर काम चालू असताना पाहिले पाहिजे. त्यासाठीही मुंबईत दूर जावे लागत नाही.

'एफ दक्षिण' विभागातल्या लालबाग-परळच्या गणपतीच्या कार्यशाळा आपल्या अधिकाऱ्यांना नीट माहीत आहेत. मंडपांच्या परवानग्या आपल्याच कार्यालयातून जातात, आणि मूर्तिकारांना शाडूची माती मोफत देण्याचा चांगला उपक्रमही महापालिकेने हाती घेतला आहे. उत्सवाच्या आदल्या आठवड्यात तिथे शाळेची सहल नेणे कोणालाच सोयीचे नाही. पण दीडदोन महिने आधी, मूर्ती अजून पांढऱ्या असताना न्यावे. एका कोपऱ्यात माती मळली जाते, दुसरीकडे साच्यातून हात निघत असतात, तिसरीकडे जोड पुसून गुळगुळीत केले जातात. आणि सगळ्यांत शेवटी आखणी. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, बहुधा सगळ्यांत जाणता. तो ब्रश पाण्यात बुडवून बोटांनी टोक काढतो, मूर्तीसमोर चेहऱ्याच्या उंचीला बसतो, श्वास धरतो आणि पापणीची रेघ एका दमात ओढतो. रेघ चुकली तर पुसून परत. तोवर मातीचा वाटणारा चेहरा डोळे आल्याबरोबर आपल्याकडे बघू लागतो. रेघेवर ताबा म्हणजे काय, हे सातवीतल्या मुलाला याहून चांगले शिकवता येणार नाही. आणि शिकवणारा माणूस त्याच्याच वस्तीतला, कदाचित त्याच्या मित्राचा बाप असतो.

'जी उत्तर' विभागात धारावीचा कुंभारवाडा आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चाक फिरवले आहे. चाकावरचा मातीचा गोळा मध्यावर बसवणे ही पहिली आणि सगळ्यांत अवघड पायरी. तो मध्यावर नसेल तर भांडे उभेच राहत नाही. मग अंगठा आत, बोटे बाहेर, आणि भिंत वर चढते. शेवटी दोऱ्याने भांडे चाकापासून कापून अलगद उचलायचे. पाहताना सोपे वाटते. मुलाला एकदा करून पाहू द्यावे. माती विस्कटेल, कपडे खराब होतील, आणि त्या कुंभाराविषयी त्याच्या मनात आयुष्यभराचा आदर राहील.

आणि सर जे. जे. कला महाविद्यालय. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सुरू झालेली ही संस्था सीएसएमटी स्थानकासमोरच आहे. त्या स्थानकाच्या दगडावरची पाने, पक्षी, प्राणी यांचे कोरीवकाम घडवण्यात तिथल्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजे जे मूल रोज लोकलने जाते-येते, ते जे. जे.चे काम रोज पाहते, फक्त त्याला कोणी सांगितलेले नसते. तिथे विद्यार्थ्यांच्या कामाचे वार्षिक प्रदर्शन भरते. व्यक्तिशिल्प करताना आत सळ्यांचा सांगाडा कसा असतो, त्यावर माती कशी चढते, ती वाळू नये म्हणून ओले फडके का गुंडाळून ठेवतात, हे तिथल्या मुलामुलींनी शाळेतल्या मुलांना दाखवले तर दोघांचेही शिक्षण होईल. कोल्हापुरातून या संस्थेत आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर विद्यार्थी, शिक्षक आणि अखेरीस प्रमुख पदापर्यंत पोहोचले. त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे मराठी पुस्तक आपल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवे.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबद्दल आपल्याला मी काय सांगावे. ते महापालिकेचेच आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय २००८ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झाले. मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांचे पेहराव आणि धंदे दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. शेजारच्या राणीच्या बागेत शाळांच्या सहली दरवर्षी येतात; त्यांतल्या निदान महापालिकेच्या शाळांना, प्राणी पाहून झाल्यावर तासभर संग्रहालयात थांबण्याचे परिपत्रक काढायला एक दिवस पुरेल.

म्हणून नेमके काय करावे, ते सुचवतो.

पहिले, शैक्षणिक सहलींतले दोन दिवस, एक दालनाचा आणि एक कामाच्या जागेचा, कलेसाठी राखून ठेवावेत. बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम आहे. सकाळच्या गर्दीनंतर आगारात परतणाऱ्या गाड्या शाळांना द्याव्यात. दालने अकराला उघडतात, तीच वेळ सोयीची.

दुसरे, एका वेळी पंचवीसहून जास्त मुले नकोत. दोनशे मुलांची रांग दालनातून फिरवून बाहेर काढली तर कोणाच्याच डोळ्यांत काही राहत नाही. दोन तासांत दोन दालने पुरेत. प्रत्येक मुलाने एकच चित्र निवडावे आणि त्याच्यासमोर पाच मिनिटे काही न बोलता उभे राहावे. परत आल्यावर निबंध लिहायला लावू नये, गुण देऊ नयेत. चित्र आवडले नाही तर 'नाही आवडले' म्हणण्याची मुभा असावी आणि 'का नाही' हा प्रश्न प्रेमाने विचारावा.

तिसरे, कलाशिक्षकांना आधी पाठवावे. महिन्यातून अर्धा दिवस प्रदर्शने पाहण्यासाठी कर्तव्यरजा द्यावी. आपल्या शाळांतल्या कलाशिक्षकाला चित्रकलेखेरीज फलकलेखन, सजावट, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे अशी सतरा कामे असतात. ज्याने स्वतः वर्षभरात एक प्रदर्शन पाहिले नाही, तो मुलांना काय दाखवणार?

चौथे, विभागवार यादी करावी. प्रत्येक विभागात मूर्तिकार, कुंभार, साइनबोर्ड रंगवणारे, छापखाने, शिल्पकार, चित्रकार आहेत. कोण मुलांना तासभर आपले काम दाखवायला तयार आहे, हे शाळांनी विचारावे आणि त्यांना त्या तासाचे मानधन द्यावे. कलाकाराचा वेळ फुकट मागू नये.

पाचवे, पटसंख्या घटल्यामुळे महापालिकेच्या काही शाळांत वर्गखोल्या रिकाम्या आहेत. त्यांतल्या काही तरुण चित्रकार-शिल्पकारांना नाममात्र भाड्याने स्टुडिओ म्हणून द्याव्यात. अट एकच, आठवड्यातून एक दिवस दार उघडे ठेवायचे आणि मुलांना आत येऊ द्यायचे. मुंबईत जागेचा भाव असा की जे. जे.तून बाहेर पडलेला मुलगा कॅनव्हास ठेवायला खोली शोधत विरारच्या पलीकडे जातो. या शहराने एके काळी याहून मोठे मन दाखवले आहे. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत पन्नास-साठच्या दशकांत गायतोंडे, हुसेन यांच्यासारख्यांना काम करायला जागा मिळाली. त्याच छताखाली पंडित रविशंकर यांची संगीतशाळा आणि इब्राहिम अल्काझी यांचे नाटक चालले. आज ती वास्तू नाही. पण चित्रकार, वादक आणि नट एका जिन्यावर रोज भेटले की काय घडते, हे मुंबईने पाहिलेले आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल : मुलांना अजून नीट वाचता येत नाही, गणिते जमत नाहीत, आणि तुम्ही चित्रे पाहायला निघालात. वाचन-गणिताची काळजी मलाही आहे. पण टक लावून पाहणे, जे दिसले ते शब्दांत सांगणे, दुसऱ्याला वेगळे दिसले तर ते ऐकून घेणे, ही सगळी वाचनाचीच तयारी आहे. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारे मूल चित्रासमोर बोलू लागते, हे मी पाहिले आहे, कारण तिथे उत्तर चुकण्याची भीती नसते. आणि दोन दिवस सात वर्षांतून मागतो आहे, याहून अधिक नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच पंचवीसची तुकडी, बेस्टची गाडी असे म्हटले आहे; सोबत दोन शिक्षक आणि एक पालक असावेत. खासगी शाळा मुलांना वॉटर पार्कला नेतात; त्यापेक्षा कलादालन निश्चितच सुरक्षित आहे.

पैशाचा प्रश्न फार मोठा नाही. दालने विनामूल्य आहेत, संग्रहालय आपले आहे, गाड्या आपल्या आहेत, शाळा आपल्या आहेत. खर्च मानधनाचा आणि डब्यातल्या खाऊचा. महापालिकेच्या अर्थसंकल्पात तो शोधायलाही भिंग लागेल.

आयुक्त महोदय, पुढच्या शैक्षणिक वर्षात सगळ्या शाळांत हे सुरू करता आले नाही तरी चालेल. दोन विभाग घ्या : एक काळ्या घोड्याच्या जवळचा, भायखळ्याचा 'ई', एक लांबचा, गोवंडीचा 'एम पूर्व'. एक वर्ष करून पाहा, कलाशिक्षकांचे म्हणणे ऐका आणि मग वाढवा. मुंबईतल्या दालनांच्या चालकांनाही माझी विनंती आहे की गुरुवारच्या दुपारी दाराशी 'शाळांचे स्वागत आहे' अशी मराठी, हिंदी आणि उर्दू पाटी लावा. आणि हे पत्र वाचणाऱ्या पालकांनो, परिपत्रक निघेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी मुलाला घेऊन जहांगीरला जा. आत जायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक
मुंबई